सल्ला : पुण्याच्या गेम स्टुडिओत टेस्टिंगची इंटर्नशिप, जाऊ का?

ताई, नमस्कार. मी जळगावच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. गाव यावल तालुक्यात, घरी चार एकर केळी. पुण्यातल्या एका छोट्या गेम स्टुडिओनं जानेवारीपासून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपची ऑफर दिली आहे, महिना 12,000 रुपये. पहिले दोन-तीन महिने टेस्टिंग (गेम खेळून त्यातल्या चुका शोधायच्या), पुढे प्रोग्रामिंगचं 'बघू' असं म्हणाले. कॅम्पसमधून एका मोठ्या आयटी कंपनीचं ऑफर लेटरही मिळालंय, पण जॉइनिंगची तारीख नाही. वडील म्हणतात, "गेम खेयाले पुन्याले कायले जायाचं?" मामा म्हणतात, हे सगळे ऑनलाइन जुगारवाले. आणखी एक कंपनी 15,000 रुपये भरले तर घरबसल्या गेम डेव्हलपमेंटची इंटर्नशिप आणि सर्टिफिकेट देते म्हणते. आईला तेच बरं वाटतं, मुलगी घरी राहील म्हणून. मी युनिटी या गेम इंजिनात, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, दोन गेम सुरू केले, दोन्ही अर्धवट पडलेत. प्रोग्रामिंगच्या भाषांपैकी सी शार्प बऱ्यापैकी येतं, सी प्लस प्लस परीक्षेपुरतं. इंजिनीअरिंग करून टेस्टर व्हायचं का? जाऊ का नको?
— यावल तालुक्यातली एक विद्यार्थिनी

जा. पण जाण्याआधी स्टुडिओकडून काही गोष्टी लेखी घे. त्या द्यायला त्यांनी टाळाटाळ केली तर नको जाऊस. मी चोपड्याची आहे आणि बरीच वर्षं पुण्यात गेम प्रोग्रामर म्हणून काम करतेय, त्यामुळे तुझ्या पत्रातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य मी आधी कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलं आहे. वडिलांचं तर शब्दशः.

आधी त्या 15,000 रुपयांचा विषय संपवू. तिकडे फिरकूसुद्धा नकोस. कंपनीनं इंटर्नला पैसे द्यायचे असतात, इंटर्ननं कंपनीला नाही. अशा ठिकाणी रेकॉर्ड केलेले व्हिडिओ दाखवतात, सगळ्यांकडून एकच प्रोजेक्ट करून घेतात आणि नाव घातलेलं सर्टिफिकेट मेलवर पाठवतात. मुलाखत घेणारे ते सर्टिफिकेट उघडतही नाहीत. आम्ही लिंक मागतो, गेम खेळून बघतो आणि विचारतो, यातलं तू काय लिहिलंस? आईला सांग, घरी बसून शिकायचंच असेल तर युनिटी आणि अनरियल या दोन्ही इंजिनांचे अधिकृत धडे फुकट आहेत, आणि गोडो हे इंजिन तर पूर्णपणे मोफत आहे. त्या पैशांतून लॅपटॉपची रॅम वाढव, ती रोज उपयोगी पडेल.

मामांचं म्हणणं मात्र झटकून टाकू नकोस. पैसे लावून खेळायच्या ॲप्सनी आपल्याकडे घरंच्या घरं बुडवली आहेत, आणि त्या कंपन्या स्वतःला 'गेमिंग कंपनी'च म्हणवून घेत होत्या. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यानं पैशांचे ऑनलाइन गेम चालवणं, त्यांची जाहिरात करणं आणि बँकांनी त्यांचे व्यवहार करणं, या तिन्हींवर बंदी आणली. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि पैसे न लावता खेळायचे गेम वेगळे काढले आहेत आणि त्यांना प्रोत्साहन देण्याची तरतूद आहे. तेव्हा मामांच्या शंकेचं उत्तर कागदावर मिळू शकतं. या स्टुडिओनं आजवर कोणते गेम काढले, ते प्ले स्टोअरवर किंवा स्टीमवर (संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात) आहेत का, आणि त्यांचा पैसा येतो कुठून ते बघ. विक्रीतून, जाहिरातींतून, गेममधल्या खरेदीतून किंवा परदेशी स्टुडिओचं काम करून येत असेल तर ठीक. 'आम्ही आता धंदा बदलतोय' असं कुणी म्हणालं, तर आधी कोणता होता ते विचार. मग मामांना शेजारी बसवून सगळं दाखव. ते तुझ्या काळजीनं बोलतायत, आणि वडिलांपर्यंत गोष्ट त्यांच्याच मार्फत लवकर पोचेल.

हा धंदा पुण्यात नवा नाही, हेही घरी सांग. युबीसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ पुण्यात 2008 पासून आहे. नॉडिंग हेड्स या पुण्याच्याच छोट्या चमूनं 'राजी' नावाचा गेम 2020 मध्ये काढला आणि तो कन्सोलवर जगभर गेला. सुपरगेमिंग ही गेम कंपनीही पुण्यातलीच. बंगळूरूला ध्रुव इंटरॲक्टिव्ह ही गेम कंपनी 1997 मध्ये सुरू झाली आणि 2019 मध्ये ती रॉकस्टार या मोठ्या परदेशी गेम कंपनीनं घेतली. या सगळ्या ठिकाणी माणसं सकाळी येतात, कोड लिहितात, चित्रं काढतात, आवाज भरतात, हिशेब ठेवतात आणि पगार घेऊन घरी जातात. वडिलांच्या डोळ्यांसमोर मोबाइलवर डोकं खुपसून बसलेली पोरं आहेत. त्यांनी दुसरं काही पाहिलेलंच नाही, मग ते तरी दुसरं काय म्हणणार?

आता तुझा खरा प्रश्न. इंजिनीअरिंग करून टेस्टर व्हायचं का? या प्रश्नात टेस्टिंगविषयी एक तुच्छता आहे. ती तुझी नाही, कॉलेजच्या कट्ट्यावरची आहे, आणि ती सोडलीस तर हे तीन महिने तुझ्या फार कामाचे ठरतील.

एक उदाहरण नीट उलगडून सांगते. समज, तू गेम खेळतेस आणि तुला दिसतं की झाडलेली गोळी कधी कधी भिंतीच्या आरपार जाते. नवखा टेस्टर लिहितो, 'गोळी भिंतीतून जाते, कृपया बघा.' प्रोग्रामर त्याच्या मशीनवर वीसदा गोळी झाडतो, एकदाही जात नाही, आणि तो बग, म्हणजे ती चूक, 'पुन्हा घडत नाही' असा शेरा मारून बंद करतो. चांगला टेस्टर बिल्डचा, म्हणजे गेमच्या त्या तयार आवृत्तीचा, नंबर लिहितो, फोनचं मॉडेल लिहितो, कोणत्या लेव्हलमध्ये कुठे उभं राहून कोणत्या दिशेला झाडली ते एकेक पायरीनं लिहितो, '10 पैकी 7 वेळा घडतं' असं लिहितो आणि व्हिडिओ जोडतो. हे झालं टेस्टरचं काम. इथून पुढे तुझं इंजिनीअरिंग सुरू होतं.

समज, तुला दिसलं की हे फक्त स्वस्त फोनवर घडतं. असं का? गोळीचा वेग सेकंदाला 12 मीटर धर. चांगल्या फोनवर गेम सेकंदाला 60 फ्रेम (पडद्यावरची एकेक चित्रं) काढतो, म्हणजे प्रत्येक फ्रेमला गोळी 20 सेंटीमीटर पुढे सरकते. स्वस्त फोन 20 फ्रेमवर आला की तीच गोळी एका फ्रेममध्ये 60 सेंटीमीटर उडी घेते. भिंत 30 सेंटीमीटर जाडीची असेल, तर गोळी बऱ्याचदा एका फ्रेमला भिंतीच्या अलीकडे असते आणि पुढच्या फ्रेमला पलीकडे. मध्ये ती भिंतीत होती, हे कुणी तपासलंच नाही. युनिटीत भौतिकशास्त्राचा हिशेब एरवी दर 0.02 सेकंदाला, ठरावीक ठेक्यात होतो. पण कुणी गोळी थेट 'अपडेट'मध्ये, म्हणजे दर फ्रेमला चालणाऱ्या कोडमध्ये, जागा बदलून पुढे ढकलत असेल, तर तो ठेका बाजूला राहतो आणि फ्रेमच्या वेगावर सगळं अवलंबून राहतं. उपाय दोन-तीन आहेत. गोळी रिजिडबॉडीनं (युनिटीच्या भौतिकशास्त्राच्या घटकानं) हलवून कोलिजन, म्हणजे टक्कर, सलग तपासायला लावता येतं, किंवा मागच्या जागेपासून नव्या जागेपर्यंत एक रेषा टाकून मध्ये काही आडवं येतं का ते बघता येतं. तुझ्या बग रिपोर्टच्या शेवटी 'फक्त 40 फ्रेमच्या खाली घडतं, फ्रेमरेट मुद्दाम 20 वर बांधला तर बऱ्याच वेळा घडतं' एवढं एकच वाक्य असेल, तर प्रोग्रामर उठून तुझ्या टेबलापाशी येईल. टेस्टिंगमधून प्रोग्रामिंगला गेलेली जी माणसं मी पाहिली, ती अशाच रिपोर्टांवर गेली. विनंत्या करून नाही.

ते 'बघू' प्रत्यक्षात उतरायचं तर कोडपर्यंत तुझा हात पोचायला हवा. म्हणून स्टुडिओला पहिला प्रश्न हा विचार : टेस्टिंगच्या काळात मला सोर्स कोड वाचायची परवानगी असेल का? काही ठिकाणी टेस्टरला फक्त तयार बिल्ड देतात, प्रोजेक्ट उघडूही देत नाहीत. तुझी ऑफर तशी असेल, तर सहा महिन्यांनी तू उत्तम टेस्टर झालेली असशील आणि प्रोग्रामिंग होतं तिथंच राहील. टेस्टिंगमध्येच करिअर करणारी माणसंही आहेत आणि मला त्यांच्याबद्दल मनापासून आदर आहे, पण तुझ्या पत्रावरून तुझी ओढ तिकडे दिसत नाही. दुसरा प्रश्न : टेस्टिंगची स्वयंचलित साधनं लिहायचं काम मिळेल का? रात्री आपोआप बिल्ड बनवणं, लेव्हलमधून आपोआप फिरणारा बॉट लिहिणं, फ्रेमरेटची नोंद काढून आलेख बनवणं, ही कामं छोट्या स्टुडिओत नेहमी पडून असतात, कारण कुणालाच वेळ नसतो. ती सगळी प्रोग्रामिंगची कामं आहेत आणि ती मागून घेणाऱ्या इंटर्नला सहसा कुणी नाही म्हणत नाही. तिसरा प्रश्न : माझा कोड कोण तपासणार? हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. इंटर्नशिप चांगली की वाईट हे स्टुडिओच्या नावावरून ठरत नाही. आठवड्यातून एकदा शेजारी बसून 'हे असं का केलंस' विचारणारा एक अनुभवी माणूस आहे की नाही, यावरून ठरतं. त्या माणसाचं नाव, किमान हुद्दा तरी, त्यांना मेलमध्ये लिहायला सांग.

एक गोष्ट तुझ्याकडे आहे जी पुण्यातल्या एसी ऑफिसात बसलेल्यांकडे नाही, आणि ती तुझ्या लक्षातही आली नसेल. मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो. त्या उन्हात फोन तापला की त्याचा प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. 60 फ्रेमसाठी प्रत्येक फ्रेमला साधारण 16.67 मिलिसेकंद मिळतात आणि खेळाचे नियम, भौतिकशास्त्र, चित्र, आवाज सगळं त्यातच बसवावं लागतं. ऑफिसातल्या थंड हवेत 14 मिलिसेकंदांत बसलेलं काम तापलेल्या फोनवर 25 वर जातं आणि गेम अडखळायला लागतो. भारतात गेम खेळणारे बहुतेक लोक असेच साधे फोन घेऊन, अशाच हवेत खेळतात. तेव्हा तुझा गेम वडिलांच्या फोनवर टाक, दुपारी केळीच्या बागेच्या बांधावर वीस मिनिटं सलग चालव आणि युनिटीच्या प्रोफायलरमध्ये (कोणत्या कामाला किती वेळ लागला ते दाखवणारं साधन) पहिल्या मिनिटाचे आकडे आणि विसाव्या मिनिटाचे आकडे शेजारी-शेजारी मांड. हा एका पानाचा तक्ता पोर्टफोलिओत ठेव. शेवटच्या वर्षाच्या मुलाकडून असं काही आलं तर मी पुढचे सगळे अर्ज बाजूला ठेवून आधी त्याला बोलावीन.

आता त्या दोन अर्धवट गेमविषयी थोडं स्पष्ट बोलते. जानेवारीच्या आत एक पुरा कर. दोन्ही नकोत, एकच, आणि त्यातलंही निम्मं कापून टाक. पुरा म्हणजे सुरुवातीचा स्क्रीन आहे, खेळ आहे, हरणं-जिंकणं आहे, आवाज बंद करायचं बटण आहे, मध्ये फोन आला तरी गेम बंद पडत नाही, आणि इच.आयओ या छोट्या गेमच्या वेबसाइटवर टाकल्यावर अनोळखी माणूस तुला काही न विचारता खेळू शकतो. इंजिनीअरिंगची मुलं गेमचा मजेदार भाग आठ दिवसांत करतात आणि मेन्यू, सेव्ह, वेगवेगळे स्क्रीन, या कंटाळवाण्या भागाला हात लावत नाहीत. स्टुडिओत मात्र पगार त्या कंटाळवाण्या भागाचाच मिळतो. विषय सुचत नसेल तर दूर जाऊ नकोस. सावद्याच्या, रावेरच्या स्टेशनावरून दिल्लीकडे केळी रेल्वेनं जाते. गाडी सुटायच्या आत डबे भरायचे, माल तासातासाला पिकत चाललाय, कच्चा माल लांबच्या बाजाराला जाणाऱ्या डब्यात आणि पिकू लागलेला जवळच्या बाजाराला. वेळ, जागा आणि नासाडी, तिन्ही एकाच स्क्रीनवर येतात. छोट्या गेमला याहून जास्त काही लागत नाही. या विषयाची बारीकसारीक माहिती तुला जेवणाच्या ताटावर बसल्या बसल्या मिळते. मुलाखतीत तू त्यावर तासभर बोलू शकशील, आणि तेही कुठून उचललेलं नसेल.

सी प्लस प्लसची भीती बाळगू नकोस, पण तिकडे पाठही फिरवू नकोस. युनिटीत सी शार्प चालतं, अनरियलमध्ये आणि मोठ्या स्टुडिओंच्या स्वतःच्या इंजिनांत सी प्लस प्लस लागतं. एकाच इंजिनावर सगळी भिस्त ठेवली की काय होतं ते सप्टेंबर 2023 मध्ये दिसलं. युनिटीनं इन्स्टॉलमागे फी लावायचं जाहीर केलं, छोटे स्टुडिओ हवालदिल झाले, आणि बरोबर वर्षभरानं, 2024 च्या सप्टेंबरात, कंपनीनं ते मागे घेतलं. इंजिनं येतात-जातात, व्हेक्टर आणि मेमरी कुठे जात नाहीत. शत्रूला आपला खेळाडू दिसतो का, हे डॉट प्रॉडक्टनं (दोन दिशा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते सांगणाऱ्या गुणाकारानं) कसं काढायचं ते कागदावर करून बघ. शत्रूच्या तोंडाची दिशा आणि खेळाडूकडची दिशा, दोन्ही एकक व्हेक्टर, त्यांचं डॉट प्रॉडक्ट 0.7 च्या वर असेल तर खेळाडू साधारण 90 अंशांच्या नजरेच्या टप्प्यात आहे. एवढं समजावून सांगता आलं की अर्धी मुलाखत झाली. एआयकडून कोड लिहून घ्यायला माझी हरकत नाही, पण त्यातली ओळन् ओळ तुला समजावता आली पाहिजे, कारण मुलाखतीत आम्ही नेमकं तेच विचारतो. इंग्रजीचं तू लिहिलं नाहीस, पण ती धास्ती असणार असं मला वाटतं. बग रिपोर्टला छोटी, सरळ वाक्यं लागतात. तेवढं तुला येतं.

पैशांचं मात्र स्वच्छ बोलू. पुण्यात कॉट बेसिसवर जागा, मेस, बस, फोन, थोडं वरखर्चाचं, असं सगळं मिळून काटकसरीनं 15,000 ते 16,000 रुपये महिना धर. तुला 12,000 मिळणार. म्हणजे सहा महिन्यांत घरून 18,000 ते 24,000 रुपये लागतील, शिवाय सुरुवातीचं डिपॉझिट. हे वडिलांपासून लपवू नकोस. 'खर्च निघेल हो' असं सांगून गेलेली मुलं तिसऱ्या महिन्यात एकवेळ जेवायला लागतात, हे मी पाहिलंय. कागदावर आकडे मांडून दाखव, आणि केळी कधी काढणीला येणार ते बघून कोणत्या महिन्यात किती लागतील तेही लिही. स्टायपेंड महिन्याच्या कितव्या तारखेला जमा होतो, हे स्टुडिओला नक्की विचार. आकड्याइतकीच तारीख महत्त्वाची असते.

करारात चार गोष्टी बघायच्या. बाँड नसावा. मूळ मार्कशीट किंवा कोणतीही मूळ कागदपत्रं मागत असतील तर सरळ नाही म्हण, झेरॉक्स द्यायची. तिसरी गोष्ट गुप्ततेचं कलम. ते असणारच आणि असायलाही हवं, स्टुडिओचा न आलेला गेम तू मैत्रिणींना दाखवता कामा नये. पण इंटर्नशिपनंतर पोर्टफोलिओत तू काय दाखवू शकतेस आणि गेमच्या श्रेयनामावलीत इंटर्नचं नाव येतं का, हे त्याच वेळी विचारून घे. चौथी गोष्ट मुलं वाचतच नाहीत. काही करारांत असं कलम असतं की नोकरीच्या काळात तू जे काही बनवशील, घरी सुट्टीच्या दिवशी बनवलेलंसुद्धा, ते कंपनीच्या मालकीचं. तुझा केळीचा गेम आधीच बनवलेला आहे आणि तो तुझा आहे, असं मेलमध्ये लिहून त्यांच्याकडून होकार घेऊन ठेव.

रात्रीच्या कामाविषयी आईला काळजी असणार आणि ती रास्त आहे. गेम बाजारात यायच्या आधीचे काही आठवडे या धंद्यात कामाचे तास बेसुमार वाढतात. त्याला आम्ही क्रंच म्हणतो, आणि त्याचं कौतुक करणाऱ्यांवर विश्वास ठेवू नकोस. तुझ्या सहा महिन्यांत स्टुडिओचा गेम बाजारात येणार आहे का ते विचार. येणार असेल तर उशीर झाल्यावर घरी सोडायची सोय कंपनी करते का, हेही विचार. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे. दहा किंवा जास्त माणसं काम करत असतील तर कंपनीत अंतर्गत समिती असलीच पाहिजे. त्याहून कमी असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. समितीत कोण आहे असं विचारायला लाजू नकोस. चांगल्या ठिकाणी या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत मिळतं. राहायला ऑफिसच्या जवळच बघ, भाडं हजारानं जास्त पडलं तरी चालेल. रात्रीचा प्रवास वाचतो.

आयटी कंपनीची ऑफर सोडू नकोस. जॉइनिंगची तारीख नाही म्हणजे ते तुला निकालानंतरच कधीतरी बोलावणार, आणि तोवर घरी बसून फोनची वाट बघण्यात काही अर्थ नाही. त्यांच्या ऑफर लेटरमध्ये दुसरीकडे इंटर्नशिप करायला मनाई आहे का, एवढं वाचून घे. मनाई नसेल तर जानेवारी ते जून पुण्यात काढ आणि मग ठरव. हा सल्ला मी गेमच्या धंद्यात राहूनच देतेय. जानेवारी 2024 मध्ये एकट्या मायक्रोसॉफ्टनं गेमच्या विभागातून 1,900 माणसं कमी केली, आणि 2023 व 2024 या दोन वर्षांत जगभरच्या स्टुडिओंत अशीच कपात झाली. परदेशी स्टुडिओंच्या कामावर चालणाऱ्या आपल्याकडच्या कंपन्यांना त्याची झळ बसतेच. सहा महिन्यांनी स्टुडिओनं पक्की नोकरी देऊ केली तर आनंदच, नाही दिली तर तुझी पाटी कोरी नसेल. प्रोफायलर चालवता येणारी, मेमरीचा हिशेब समजणारी, मोठ्या प्रोजेक्टमध्ये गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) नीट वापरणारी मुलगी आयटी कंपनीतही वेगळी दिसते. पुण्यात वाहनांच्या कंपन्या आहेत, आणि गाड्यांच्या डिझाइनसाठी, प्रशिक्षणाच्या सिम्युलेटरसाठी हीच युनिटी आणि अनरियल इंजिनं वापरली जातात. तोही एक रस्ता आहे, त्याचा कॅम्पसमध्ये कुणी उल्लेखच करत नाही. कॉलेजकडून मात्र शेवटच्या सत्रात बाहेर इंटर्नशिप करायची लेखी परवानगी घे, आणि तिचे क्रेडिट कसे धरणार ते विभागप्रमुखांकडून कागदावर लिहून घे. तोंडी 'हो हो' वर जाऊ नकोस, परीक्षेच्या तोंडावर तीच माणसं हजेरी काढून बसतात.

राहिले वडील. त्यांच्याशी भांडू नकोस आणि गेमचं महत्त्वही पटवत बसू नकोस. त्यांना खेळ पटवायचा नाहीये, काम पटवायचं आहे. तुझा पुरा झालेला गेम त्यांच्या फोनवर टाक आणि त्यांनाच भरू दे डबे. कुठला माल कुठल्या डब्यात जायला हवा यावरून ते तुझ्या चुका काढतील. त्या लिहून घे आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून पुन्हा दे. मग सांग की पुण्याला जाऊन मी हेच करणार आहे, दुसऱ्यांच्या गेममधल्या चुका काढायच्या आणि त्या दुरुस्त करायला शिकायचं, आणि त्याचे महिन्याला 12,000 मिळणार. शक्य असेल तर पहिल्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जा. भुसावळहून महाराष्ट्र एक्सप्रेस आहे, आझाद हिंद आहे. स्टुडिओला आधी कळवलंस तर वडिलांना ऑफिस दाखवायला बहुतेक कुणाची हरकत नसते. जागा बघितली, बसायचं टेबल बघितलं, राहायची खोली बघितली की त्यांचा अर्धा विरोध तिथंच विरघळेल. बाकीचा अर्धा पैशांच्या कागदानं.

स्टुडिओला मेल आजच लिही. ऑफरबद्दल आभार मान आणि मग पाच प्रश्न विचार : कोड वाचायची परवानगी, स्वयंचलित टेस्टिंगचं काम, कोड कोण तपासणार, स्टायपेंडची तारीख, आणि तीन महिन्यांनी प्रोग्रामिंगला घेताना काय बघून ठरवणार. शेवटच्या प्रश्नाला 'तेव्हा बघू' असंच उत्तर आलं, तर एकदा फोन करून तूच सुचव की पहिल्या तीन महिन्यांत मी अमुक एक साधन लिहून दाखवते, ते चाललं तर घ्या. त्यांचं उत्तर आलं की मला कळव. कराराची प्रत मिळाली तर तुझं आणि स्टुडिओचं नाव झाकून पाठव, सही करायच्या आधी कलमं वाचून देते.